जुन्या जीपला नव्या जीपचे पाटे

ज्या माणसाने सव्वीस वर्षं लोकांना 'वाहनात अनधिकृत फेरफार केल्याचे आढळल्याने आपला दावा नामंजूर करण्यात येत आहे' अशी पत्रं लिहिली, त्याने निदान स्वतःच्या वाहनात फेरफार करू नयेत, हे मला कळत नव्हतं असं नाही. कळत होतं. पण मला बऱ्याच गोष्टी कळतात आणि त्यांतल्या एकीचाही घरात उपयोग होत नाही.

मी झाशीत एका विमा कंपनीच्या दावे विभागात आहे. माझ्याकडे अडतीस वर्षांची एक जीप आहे. ती माझ्याकडे कशी आली ही वेगळी कथा आहे, आणि ती ऐकता ऐकता आजवर तीन माणसं उठून गेली आहेत, म्हणून ती सोडून देतो. मुद्दा तिच्या पाट्यांचा. चाकांच्या वर वाकवलेल्या लोखंडी पट्ट्यांची चवड असते, तिला आपण मराठी माणसं पाटा म्हणतो, इथले मिस्त्री कमानी म्हणतात. खड्डा आला की तो स्वतः सोसायचा आणि माणसाला कळू द्यायचा नाही, हे पाट्याचं काम. आमच्या पाट्यांनी हे काम केव्हाच सोडलं होतं. रस्त्यात विडी पडलेली असली तर ती अर्धी ओढलेली आहे की पूर्ण, हे माझ्या पाठीला समजायचं.

माझ्या बायकोच्या, इंदूच्या पाठीला त्याहून जास्त समजलं. सहा वर्षांपूर्वी एरच गावाच्या रस्त्यावर तिच्या कमरेत जी उसण भरली, ती घेऊन ती तीन आठवडे जमिनीवर सतरंजी घालून पडली होती. त्या तीन आठवड्यांत ती जीपला एक शब्दही बोलली नाही. जे काय बोलली ते मला. आणि त्यानंतर जीपमध्ये तिने पाऊल ठेवलं नाही.

गेल्या डिसेंबरात एका रविवारी ती चहाचा कप माझ्यासमोर ठेवून म्हणाली, "काल गरौठ्याचा बिरजू म्हणून कोणी येऊन गेला."

"कशाला?"

"जीप मागायला. लग्नात डीजे वाजवतो. म्हणाला, भाभीजी, पीछे स्पीकर के चार डिब्बे रखेंगे, आगे झालर लगाएँगे."

ज्या जीपने आयुष्यात कधी कुणाला विनाकारण हॉर्न दिला नाही, तिने वरातीपुढे नाचायचं?

"तू काय सांगितलंस?"

"मी म्हटलं, विचार करते. दारात एक वस्तू उभी आहे, जिच्यात मी बसू शकत नाही. नुसत्या तुमच्या कौतुकासाठी ती किती दिवस ठेवायची?"

"मी दुरुस्त करतो."

"सहा वर्षं करताय."

मग तिने अट घातली. इंदू मूळची सांगलीची. त्या बाजूची माणसं अट अशी घालतात की ऐकताना ती सवलत वाटते. "संक्रांतीच्या आधी एक दिवस मी बसेन. जिथे माझी कंबर गेली, त्या एरचपर्यंत. मांडीवर ताटली घेऊन मटार सोलत येईन, कुठे धरणार नाही. ताटलीबाहेर एक दाणा पडला तर जीप बिरजूची."

"एक?"

"किलोभर मटारात एक दाणासुद्धा जास्तच झाला."

शेजारच्या नामदेवांना हे सगळं कुंपणापलीकडून ऐकू गेलं होतं. ते सुभेदार म्हणून बबिन्याच्या लष्करी छावणीतून निवृत्त झाले आणि इथेच राहिले. मूळ कराडकडचे. तीस वर्षं फौजेच्या गाड्या दुरुस्त करण्यात गेली, त्यामुळे कुठल्याही प्रश्नाकडे ते खालून, म्हणजे गाडीखाली झोपल्यासारखे बघतात.

"सर, तुमचे पाटे म्हणजे आता निस्तं लोखंड हाय," ते म्हणाले. "नवीन मॉडेलच्या जीपचे पाटे घाला. लांब असत्यात, मऊ चालत्यात. सेकंडहँड घ्या. आवो, मी फौजेत असं जुगाड किती केलंय!"

"आणि बसतील का ते?"

"बसत्यात. नाही बसलं तर बसवायचं. त्यालाच तर फिटिंग म्हणत्यात."

नव्या मॉडेलची मोडलेली जीप कुठे पडली आहे हे माझ्याइतकं झाशीत कुणालाच माहीत नसतं. हा माझ्या पेशाचा एकमेव फायदा. भंगारवाल्याकडे गेलो, तर कोपऱ्यात एक पांढरी जीप निजलेली दिसली. ओळखीची वाटली. नंबर पाहिला. आठ महिन्यांपूर्वी तिचा दावा मीच मंजूर केला होता. अहवालात माझ्याच हाताने लिहिलं होतं की या वाहनाचा कोणताही भाग पुन्हा वापरण्याजोगा राहिलेला नाही.

भंगारवाल्याने मला आधी ओळखलं नाही. ओळखलं असतं तर बरं झालं असतं, असं नंतर वाटलं, कारण मी पाट्यांची स्तुती करत खाली वाकलो असतानाच त्याला ओळख पटली.

"काए साब, आपई ने तो लिखी हती कै ईमें कछू काम को नईं बचो?"

"वह सामान्य निरीक्षण था," मी शर्टाला लागलेली माती झटकत म्हणालो.

"हओ," त्याने होकार भरला. "और जे कमानी?"

"यह विशेष निरीक्षण है."

या उत्तरावर माझा स्वतःचा विश्वास बसला नाही, पण पाटे मिळाले. चार पाटे, चार शॉकर आणि वर त्याची एक नजर. ती नजर अजूनही मी तिथून गेलो की माझ्या मागे येते.

नामदेवांना बरोबर घेऊन पाटे परमा मिस्त्रींकडे नेले. परमा मिस्त्री कमी बोलतात. त्यांनी जुना पाटा जमिनीवर ठेवला, शेजारी नवा ठेवला आणि बराच वेळ दोघांकडे पाहिलं. वधूपक्षाने मुलगा फारच उंच निघाल्यावर पाहावं, तसं. नवा पाटा चार बोटं जास्त लांब होता.

"फौजेत काय केलं असतं?" मी नामदेवांना विचारलं.

"वरिष्ठांना कळवलं असतं."

मग नामदेवांनी वितीने मापं घेतली, परमांनी टेपने घेतली, आणि दोन्ही मापं जुळेनात तेव्हा दोघांनी माझ्याकडे पाहिलं. मी सुशिक्षित माणूस. मी दोन्हींची सरासरी काढली. परमांनी ती सरासरी ऐकली, मान डोलावली आणि टेपच्या मापाने काम केलं. पाट्याचं टोक जिथे चेसिसला अडकतं ती बेचकी कापून चार बोटं पुढे सरकवली आणि नवी वेल्डिंग मारली. पाट्याच्या टोकांत बसणारी बुशची रबरं मात्र कुठेच मिळेनात. ती शेवटी मानिक चौकात एका लोणच्याच्या बरण्या विकणाऱ्याकडे मिळाली. तो ती बरणीच्या झाकणाखाली वापरत होता असा मला अजून संशय आहे. ती मोटारीचीच असल्याची ग्वाही नामदेवांनी एक चावून दिली.

पाचव्या दिवशी जीप घरी आली आणि गल्ली गोळा झाली.

पाटे मऊ असावेत, पण आमच्या जीपने त्यांच्यावर वजनच टाकलं नव्हतं. ती पूर्वीपेक्षा हातभर उंच झाली होती आणि नाक वर करून उभी होती. समोरचे वकील सज्जातून म्हणाले, "पंडिज्जी, चुनाव लड़ रहे हो का?" इंदूला चढता येईना. मी आत जाऊन देवघरातला चौरंग आणला. चौरंगावर उभं राहून तिने एक पाय आत टाकला, दुसरा चौरंगावरच राहिला, आणि त्या अवस्थेत तिने मला जे सुनावलं ते पूर्ण ऐकायला गल्लीतली पोरं जवळ सरकली. शेवटी ती चढली. मी कोपऱ्यापर्यंत जीप नेली. गतिरोधकावर जीप बोकडासारखी चारही पायांवर उडाली. इंदूने दोन्ही हातांनी दांडी धरली. अजून मटार नव्हते हेच नशीब.

"तुमचे पाटे तुम्हाला लखलाभ," घरी आल्यावर ती म्हणाली. "मी जाते बिरजूला फोन करायला."

मी हात जोडले, बारा जानेवारीपर्यंत मुदत मागून घेतली, आणि जीप पुन्हा परमांकडे पाठवली. आणि इथे ती चूक झाली.

या चुकीविषयी बोलताना मला आजही त्रास होतो. आमचं घराणं सात पिढ्या झाशीत आहे. आमच्या पूर्वजांनी इथे फारसी मिसळलेल्या हिंदीत दफ्तरं लिहिली. महाराष्ट्रातून बदली होऊन नवी आलेली माणसं दुकानात जाऊन 'शेंगदाणे दो' म्हणतात तेव्हा मी मनातल्या मनात हसत आलो आहे. असा मी दुसऱ्या दिवशी ऑफिसला निघताना परमांना फोन लावला. इंदू शेजारी उभी राहून माझ्या कानात मराठीत सांगत होती, "केवढी उंच केलीय! त्यांना म्हणावं, खाली करा. चांगली खाली करा."

आणि मी फोनमध्ये म्हणालो, "मिस्त्री जी, गाड़ी खाली कर दो."

परमांनी विचारलं, "खाली?"

"हाँ, खाली."

"पूरी?"

"पूरी. जितनी हो सके उतनी खाली. घरवालों की यही इच्छा है."

"हओ," परमा म्हणाले. त्यांचा आवाज जरा जड झाला होता. "जैसी आपकी मर्ज़ी, पंडिज्जी. आदमी कब तक पकर के बैठे."

मला तो शेरा थोडा आगाऊ वाटला, पण मी लक्ष दिलं नाही. हिंदीत खाली म्हणजे रिकामी, हे सात पिढ्यांचं ज्ञान मला संध्याकाळी साडेपाचला, परमांच्या दारात आठवलं.

जीप रिकामी केली होती. परमा काम करतात ते पूर्ण करतात. सीटा, मॅट, ताडपत्री, स्टेपनी, बॅटरी, भोंगा, आरसे, तळाचे पत्रे, सगळं निघालं होतं. इंजिनचं तेल एका डब्यात, डिझेल दुसऱ्यात, रेडिएटरचं पाणी बादलीत. समोरच्या काचेवरचा गणपतीसुद्धा उतरवून, कोऱ्या फडक्यात गुंडाळून, आदराने स्टुलावर ठेवला होता. आणि अंगावरचा भार गेल्यामुळे जीप आणखी दोन बोटं वर गेली होती. मी खाली म्हणालो आणि ती वर गेली. माझ्या शब्दाला या शहरात किती मान आहे, याचं मोजमाप हवं असेल तर ते हे: उणे दोन बोटं.

त्याहून वाईट म्हणजे एक भला मोठा, हसरा मनुष्य हातात टेप घेऊन जीपचा मागचा भाग मोजत होता.

"जे बिरजू हैं, गरौठा वाले," परमा म्हणाले. "जे हमसें भी गाड़ी की कै गए हते. आपने खाली कराई तो हम समझ गए कै डीजे को दै रए. हमईं ने बुला लओ."

"चार डिब्बा आराम सें आ जैहैं!" बिरजू मला नमस्कार करत म्हणाला, आणि खात्री करून घ्यायला मागच्या उघड्या सांगाड्यावर चढून धपाधप नाचला.

मी तोंड उघडणार तोच माझ्याबरोबर आलेल्या नामदेवांनी माझा दंड धरला. ते उकिडवे बसून पाट्याकडे एकटक बघत होते.

"सर, थांबा. काही बोलू नका. नाचू द्या त्याला."

"सुभेदार साहेब!"

"आवो, ह्यो माणूस सव्वाशे किलोच्या खाली नाही. आन पाटा बघा, म्हणावा तसा दबत नाही. पत्रे अंगावर होते तवर हे कुणाला दिसलं नव्हतं."

परमाही खाली वाकले. मग त्या दोघांनी एकमेकांकडे पाहिलं, आणि त्या क्षणी मराठी आणि बुंदेली यांत काही फरक राहिला नाही. नवी जीप आमच्या जीपपेक्षा कितीतरी वजनदार. तिचे पाटे तेवढ्या ओझ्यासाठी घडवलेले. आमची हलकी म्हातारी त्यांच्या खिजगणतीतच नव्हती. पट्ट्या जास्त होत्या. कमी करायला हव्या होत्या.

परमांनी पाटे सोडवले, प्रत्येकातून एक पट्टी काढली, पुन्हा चढवले. नामदेव म्हणाले, "बिरजू भैया, जरा नाचो." बिरजू नाचला. या वेळी जीप जरा जास्त दबली. आणखी एक पट्टी काढली. बिरजू पुन्हा नाचला. या माणसाला आपण आपल्याच डीजेची चाचणी घेतोय असं वाटत होतं, आणि तो जीव तोडून नाचत होता. कधी पुढे, कधी मागे, एकदा नामदेवांच्या सूचनेवरून एका पायावर. तिसरी पट्टी निघाली तेव्हा जीप त्याच्या पावलाखाली अशी दबली आणि अशी अलगद वर आली, की बिरजू स्वतःच नाचायचा थांबला.

"अरे दद्दा," तो म्हणाला. "जे तो पालना हो गओ."

आता त्याला खरं सांगणं भाग होतं. मी शुद्ध, निर्दोष हिंदीत सांगितलं की गाडी विकलेली नाही, पण अमुक अमुक अट आहे. बिरजूने घाम पुसत सगळं ऐकलं. रागावेल असं वाटलं होतं. पण त्याने विचारलं, "भाभीजी एरच कबै आ रईं?"

"बारा तारखेला."

"ठीक है. हम उतईं मिलहैं. माला लैकें."

सरळ माणूस होता. पण तो हार जीपसाठी असणार, हे माझ्या लक्षात आलं.

सगळं सामान परत चढवायला दोन दिवस गेले. बाराला अजून तीन दिवस होते आणि माझ्या सदसद्विवेकबुद्धीला तेवढे पुरले. जीपचा विमा आमच्याच कंपनीचा, आणि असा बदल केला की कंपनीला अर्ज करावा लागतो. अर्ज दावे विभागाकडे अभिप्रायासाठी येतो. म्हणून मी मला अर्ज केला. माझ्या हाताखालची सुरभी तो घेऊन माझ्याकडे आली. तिच्या घरी आजी मराठी बोलते, ती स्वतः मराठी समजते आणि बोलायची वेळ आली की हातवारे करते.

"काका, मतलब… ह्यावर अभिप्राय तुम्हीच देणार?"

"ऑफिसात काका नाही. अर्ज अपूर्ण आहे. पाटे कुठून घेतले ते लिहिलेलं नाही. अर्जदाराकडून खुलासा मागव."

"अर्जदार तर समोर बसलेत."

"डाकेने मागव."

रजिस्टर्ड पत्र दुसऱ्या दिवशी घरी आलं. इंदूने सही करून घेतलं आणि मला वाचून दाखवलं. मी खुलाशात भंगारवाल्याचा पत्ता दिला. तो वाचून अधिकारी म्हणून माझ्या लक्षात आलं की अर्जदाराने माझ्याच अहवालात जे निकामी ठरवलं होतं ते वापरलं आहे. आता एक तर अर्जदार खोटा, नाही तर अधिकारी. दुपारभर मी या पेचात बसून होतो. शेवटी सुरभीने फाइल ओढून घेतली, स्वतः परमांकडे गेली, जीपमध्ये बसून मेडिकल कॉलेजपर्यंत एक फेरी मारली आणि लिहिलं: 'प्रत्यक्ष पाहणी केली. भाग उत्तम. पूर्वीचा अहवाल घाईत लिहिलेला दिसतो.' मी त्यावर सही केली. सव्वीस वर्षांत माझ्याविरुद्ध गेलेला तो पहिला शेरा, आणि तो मीच मंजूर केला.

बारा तारखेला सकाळी धुकं विरल्यावर निघालो. इंदू चौरंगाशिवाय चढली. चढून तिने एकदा माझ्याकडे बघितलं. मांडीवर स्टीलची ताटली, पायाशी शेंगांची पिशवी. मागे नामदेव, पंच म्हणून. त्यांनी चष्मा पुसून घातला होता.

पूंछ नावाच्या गावापर्यंत मोठा रस्ता आहे, तिथे कसोटी नव्हती. नुसता टप टप असा दाण्यांचा आवाज येत होता. पूंछला एरचकडे वळलो आणि मी स्टिअरिंग दोन्ही हातांनी धरलं. पहिला खड्डा आला. जीप त्यात उतरली आणि वर आली. दुसरा. तिसरा, जो खड्डा नसून एकेकाळचा रस्ता होता. प्रत्येक वेळी मी आधी आवाज ऐकायचो. टप. टप. ताल चुकत नव्हता. एका शेतासमोर ट्रॅक्टरने रस्ता उखणून ठेवला होता. तिथे इंदू सोलता सोलता गुणगुणायला लागली. तिला ते कळलं नसावं. मी कळू दिलं नाही.

जिथे तिची कंबर गेली होती तो ओढ्यावरचा रपटा, म्हणजे बिनकठड्याचा ठेंगणा पूल, एरचच्या थोडा अलीकडे आहे. वर काँक्रीट, मधे तुटलेलं, पलीकडे पुन्हा काँक्रीट. मी वेग कमी केला.

"कशाला हळू करताय?" इंदू म्हणाली. "तेव्हा केला होतात का?"

नव्हता केला. मी श्वास धरून जीप तशीच घातली. पुढची चाकं तुटक्या जागेत गेली, पाटे दबले, सावरले. मागची गेली, आणि जीप एकच संथ हेलकावा घेऊन पलीकडे चढली. इंदूचे दोन्ही हात शेंगेवर होते.

पण तिच्या बोटांतली ती शेंग नेमकी तेव्हाच फुटली. एक दाणा ताटलीच्या काठावर आपटला, उडाला, आणि टुणकन माझ्या बुटाशेजारी पडला.

मी जीप थांबवली. समोर एरचचा पूल होता, खाली बेतवा, आणि पुलाच्या तोंडाशी झेंडूचा हार घेऊन बिरजू. तो धावत आला.

"कित्ते गए?" त्याने नामदेवांना विचारलं.

नामदेवांचा चेहरा उतरला होता, पण फौजी माणूस. "एक," ते म्हणाले. मग मराठीत, माझ्याकडे न बघता, "सॉरी सर. म्या बघितला."

मी इंजिन बंद केलं. किल्ली काढली. इतक्यात इंदू वाकली, माझ्या बुटाजवळचा दाणा उचलला, उजेडात धरून पाहिला आणि म्हणाली, "हा किडका होता. मीच टाकला."

मला दिसत होतं, दाणा हिरवागार होता. बिरजूलाही दिसत होतं. नामदेव चाचरत म्हणाले, "वैनी, किडका दिसत तर न्हाई…"

इंदूने तो तोंडात टाकला आणि चावून गिळला. मग ताटली सारखी करून मागे वळली.

"सुभेदार साहेब, मटार माझे, ताटली माझी, नवरा माझा. यांतलं किडकं काय ते मी ठरवणार."

बिरजूने क्षणभर आमच्या चौघांकडे, म्हणजे जीप धरून, पाहिलं आणि हातातला हार जीपच्या बॉनेटवर घातला. "पालना है भैया," तो म्हणाला, "ऐसी कौन बेंचत?"

इंदूने पिशवीतून पुढची शेंग काढली. "चला, पलीकडपर्यंत जाऊ," ती म्हणाली. "अजून अर्धा किलो आहेत." मी किल्ली फिरवली.